शेंडा कुठे खुडायचा?

महिनाअखेर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. वीस-पंचवीस मशीन, साठ-सत्तर माणसं. दुपारी चार वाजता ग्राहकाचा फोन येतो, माल आज निघालाच पाहिजे. मालकांचा चेहरा पडतो, अकाउंटवाले एकमेकांकडे बघतात आणि मग सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळतात. प्रॉडक्शनचा सुपरवायझर. तो दोन मशीनवरचे चालू जॉब उतरवतो, तिसऱ्या मशीनवर स्वतः उभा राहतो, सुटलेल्या पाळीची माणसं गेटवरून परत आणतो, इन्स्पेक्शनवाल्याशी हुज्जत घालतो, स्टोअरकीपरला चारचौघांत झापतो. रात्री साडेअकराला टेम्पो गेटबाहेर.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर दोन कागद. एक ग्राहकाची शाबासकी, दुसरा स्टोअरकीपरचा राजीनामा.

इथपर्यंतची गोष्ट सातपूर-अंबडमध्ये कुणालाही सांगितली तर तो मान डोलावेल. कोडं पुढे आहे. एप्रिलमध्ये मालक या सुपरवायझरला सगळ्यांत मोठं इन्क्रिमेंट देतात. शिवाय त्याच्या धसमुसळेपणाला आवर बसावा म्हणून वर एक मॅनेजर आणून बसवतात आणि सांगतात, 'यांना विचारून करत जा.' ऑगस्टमध्ये सुपरवायझरचा राजीनामा. कारण विचारलं तर म्हणतो, "शेठ, पगाराचं काही नाही. इथं काम करू देत नाहीत."

काम करू देत नाहीत? त्याच्याइतकं काम तर कारखान्यात कुणीच करत नव्हतं! उमेदीची काही वर्षं मी अशाच एका कारखान्यात काढली आणि हे नाटक तीनदा पाहिलं. पात्रं वेगळी, शेवटचा अंक तोच. 'डोक्यात हवा गेली' एवढं म्हणून आम्ही चहाचे ग्लास खाली ठेवायचो. हवेचा संबंध फार थोडा होता, हे कळायला बराच काळ गेला.

अडथळा दिसला की अंगात येतं

मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात अशा माणसाला 'हाय डी' म्हणतात. हा 'डी' आला विल्यम मोल्टन मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडून. त्याचं 'इमोशन्स ऑफ नॉर्मल पीपल' हे पुस्तक १९२८ सालचं. गृहस्थ अवलिया होता. खोटं बोलताना रक्तदाब चढतो, या कल्पनेवर त्याने खोटं पकडण्याची चाचणी बसवली आणि पुढे १९४१ मध्ये 'वंडर वूमन' ही चित्रकथांची नायिका जन्माला घातली. माणसाच्या वागण्याचे त्याने चार ढंग सांगितले. त्यांतला पहिला डॉमिनन्स, म्हणजे वर्चस्व.

मार्स्टनची कल्पना साधी आहे. प्रत्येक माणूस कळत-नकळत दोन प्रश्न विचारत असतो. समोरची परिस्थिती मला अनुकूल आहे की आडवी येणारी? आणि मी तिच्यापेक्षा बळकट आहे की दुबळा? पहिल्याचं उत्तर 'आडवी' आणि दुसऱ्याचं 'मी बळकट' असं ज्याला सतत वाटतं, तो वर्चस्वाच्या ढंगाने वागतो. गर्दीच्या बसमध्ये काही जण दारातच थांबतात, काही 'जरा सरकता का' म्हणत हसून जागा मिळवतात, आणि एखादा 'चला, आत चला, मागे मोकळं आहे!' असं ओरडत कंडक्टरचंच काम हाती घेतो. तो तिसरा आपला माणूस.

यातून एक गोष्ट निघते, ती मालकमंडळींच्या लक्षात येत नाही. ज्याची सगळी ऊर्जा अडथळ्यावर तुटून पडण्यात आहे, त्याच्यासमोरचे अडथळे संपले की तो नवे शोधतो. कारखाना सुरळीत चालू लागला की या माणसाची भांडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, ती त्यामुळे. डिस्पॅचशी झुंजायला उरलं नाही, मग तो इन्स्पेक्शनशी झुंजतो.

एक सावधगिरी. मार्स्टनने स्वतः कधी प्रश्नावली केली नव्हती. आज पंचवीस-तीस प्रश्न विचारून 'तुम्ही डी' असं छापील प्रमाणपत्र देणाऱ्या चाचण्या नंतरच्या लोकांनी बनवल्या. त्या बोलायला विषय देतात, एवढाच त्यांचा उपयोग. नोकरीवर घ्यायचं की नाही हे त्यांवरून ठरवणं म्हणजे पत्रिका बघून ऑपरेटर नेमण्यासारखं आहे.

कालिकेच्या यात्रेतली रिंग

नवरात्रात नाशिकला कालिकामातेच्या यात्रेत रिंग टाकण्याचे स्टॉल लागतात. साबण, आरसे, प्लास्टिकचे डबे मांडलेले. रिंग ज्यात अडकेल ते तुमचं. तिथे उभं राहायची रेघ दुकानदाराने आखलेली असते. ती रेघ पुसून टाकली आणि 'हवं तिथून टाका' म्हटलं, तर कोण कुठे उभं राहील?

डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात हाच खेळ होता. काही जण खुंटीच्या अगदी जवळ उभे राहिले, काही लांब. ज्यांच्यात काहीतरी करून दाखवायची ओढ तीव्र होती, ते मधलं अंतर निवडत. जवळून रिंग अडकली तर त्यात काय मोठंसं? फार लांबून अडकली तर ते नशीब. मधल्या अंतरावरूनच कळतं की जमलं ते माझ्या हातामुळे जमलं, आणि चुकलं तर पुढच्या वेळी काय बदलायचं. हा मॅक्लेलंड १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याला येऊन तिथल्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन गेला होता, म्हणजे आपल्या मातीतल्या माणसांवर त्याने कल्पना पारखून पाहिलेली आहे.

आता आपला सुपरवायझर त्या स्टॉलसमोर उभा करा. त्याला तीन गोष्टी हव्यात. अंतर ठरवण्यात त्याचा शब्द असावा. रिंग पडली की नाही, हे लगेच दिसावं. आणि रिंग हातातून सुटेपर्यंत कुणी मनगट धरू नये. या तीनही गोष्टी मिळाल्या तर तो तुमच्यासाठी रात्री साडेअकरापर्यंत रिंगा टाकत राहील. बक्षिसाचा साबण त्याला हवा असतोच, पण साबण म्हणून कमी आणि 'जिंकलो' याचा पुरावा म्हणून जास्त. इन्क्रिमेंटचं तसंच आहे. पगाराचा आकडा हा त्याचा धावफलक. पण नवा मॅनेजर बसला त्या दिवशी त्याचं मनगट धरलं गेलं. धावफलकावर जास्त धावा आणि हातातली बॅट काढून घेतलेली, अशी ती अवस्था.

मनगट धरलं की काय होतं, यालाही शास्त्रात नाव आहे. जॅक ब्रेम याने १९६६ मध्ये मांडलेली ही कल्पना मराठीत 'मनाची उसळी' म्हणता येईल. आपल्याला मिळालेली मोकळीक कुणी काढून घेतंय असं वाटलं की ती परत मिळवण्याची इच्छा उसळून वर येते, आणि जी गोष्ट नाकारली तीच अधिक हवीशी होते. ओट्यावरच्या डब्याला हात लावू नकोस म्हटलं की पोराचा हात तिथेच जातो. ही उसळी सगळ्यांनाच येते. आधीपासून मोकळीक घेऊन वावरणाऱ्याला ती जोरात येते, कारण गमावण्यासारखं त्याच्याजवळ जास्त असतं.

नाशिकचा सगळ्यांत प्रसिद्ध 'कामगार'

ही सगळी यंत्रणा एकाच माणसात चालताना बघायची असेल, तर शंभर वर्षं मागे जाऊ. गाव हेच.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे शाळेतली मुलंही सांगतील. त्याच्या आधीची एक छोटी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. चित्रपटासाठी भांडवल मिळेना, कारण हे कसलं खूळ आहे ते सावकारांना कळेना. तेव्हा फाळक्यांनी वाद घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक वेळाने त्याची एकेक चौकट टिपत राहिले, आणि मातीतून कोंब फुटून वेल होईपर्यंतचा प्रवास पडद्यावर पाहता पाहता उलगडून दाखवला. बघणारे थक्क झाले आणि पैशाची वाट मोकळी झाली. अडथळ्याला बोलून उत्तर देण्यापेक्षा करून दाखवणं, हा या जातीच्या माणसाचा खास गुण.

'राजा हरिश्चंद्र'नंतर ते नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' इथे घडले. १९१४ मध्ये चित्रपट घेऊन ते इंग्लंडला गेले, तिथे राहून काम करण्याचं निमंत्रण मिळालं, ते नाकारून परत आले. पैसा ही या माणसाची मुख्य ओढ असती तर गोष्ट तिथेच संपली असती. १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या, आणि लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला.

आता भांडवलवाले स्वतःहून आले. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे व्यवस्थापन बघणारे भागीदार, फाळके निर्मिती करणारे भागीदार, आणखी काही भांडवल घालणारे. कागदावर याहून चांगली वाटणी सुचणार नाही. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' या दोन्ही चित्रपटांनी गर्दी खेचली; 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी.

आणि यशाच्या याच टप्प्यावर बिनसलं. भागीदारांना हिशेब हवा होता: किती दिवस, किती खर्च, पुढचा चित्रपट कधी. फाळक्यांचं म्हणणं, ज्यांनी पैसे घातले त्यांनी निर्मितीत हात घालू नये. चित्र मनासारखं झाल्याशिवाय ते बाहेर जाणार नाही. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटेना. मला यात उणीव दिसते ती स्वभावांची कमी आणि रेघांची जास्त. खर्चाची मर्यादा कुठे, ती ओलांडायची झाली तर कुणी कुणाला विचारायचं, कोणत्या गोष्टीत फाळक्यांचा शब्द शेवटचा आणि कोणत्या गोष्टीत आपट्यांचा, हे आधी ठरलं असतं तर वाद झाले असते, पण ते त्या-त्या चित्रपटापुरते. रेघ नसली की प्रत्येक हिशेबाचा प्रश्न 'माझ्यावर विश्वास आहे की नाही' असा होऊन बसतो. ब्रेमची उसळी ती हीच.

फाळक्यांनी कंपनी सोडली, चित्रपटसृष्टीतून निवृत्ती जाहीर केली आणि बिऱ्हाड घेऊन थेट काशी गाठली.

काशीत माणूस गप्प बसला असेल असं वाटतं का? तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. पुढे ते रंगमंचावर आलंही, पण चाललं नाही. रिंग टाकायला नवी खुंटी शोधली, एवढाच त्याचा अर्थ. इकडे 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकरांनी त्यांना परत येण्याची गळ घातली. सिनेमापुरता मी मेलो आहे, अशा अर्थाचं उत्तर फाळक्यांनी धाडलं. कोल्हटकर मुरलेले संपादक. त्यांनी ती 'मरणाची' बातमीच छापली. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि तो काशीला पोचवण्यात आला. आज मनुष्यबळ विभागाला जे जमत नाही ते एका संपादकाने करून दाखवलं. 'तुमच्याशिवाय आमचं अडलंय' हे आर्जव फाळक्यांनी आधी परतवलंच होतं. 'तुमचं काम अजून लोकांच्या मनात जिवंत आहे' याचा ढीगभर पुरावा त्यांना परतवता आला नाही.

१९२२ मध्ये ते नाशिकला परतले, निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून, महिना हजार रुपये पगारावर. हजार रुपये म्हणजे त्या काळात केवढी रक्कम! पण भागीदाराचे ते पगारदार झाले होते. १९२९ पर्यंत ते काम करत राहिले, चित्रपटही झाले. 'लंकादहन'ची ती झिंग मात्र पुन्हा आली नाही, आणि कंपनीशी कुरबुरी चालूच राहिल्या. मागच्या वेळी तुटलं होतं ते कशाने, यावर हजार रुपये हे उत्तर नव्हतं.

द्राक्षबागेत याला काय म्हणतात

निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला वर्चस्व हा शब्द कुणी शिकवायला नको. वेलीच्या टोकाचा कोंब खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, हे तो रोज बघतो. वनस्पतिशास्त्रात याला शेंड्याचं प्रभुत्व म्हणतात. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, म्हणजे वाढीचा निरोप नेणारं रसायन. ते खाली झिरपत राहतं आणि तोवर बाजूचे डोळे झोपून राहतात. हे स्पष्टीकरण जुनं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून त्यात एक मोठी भर घातली. शेंडा साखरेचा अधाशी असतो. पानांनी बनवलेली साखर बहुतेक तोच ओढून घेतो. शेंडा खुडला की काही तासांतच ती साखर बाजूच्या डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. (पुन्हा वाटाणाच. फाळक्यांना हसू आलं असतं.)

कारखान्यातली साखर म्हणजे काय? अवघड कामं, ग्राहकाशी बोलायची संधी, मालकांचा वेळ, चुकून शिकायची मुभा. जोरकस सुपरवायझर हे सगळं स्वतःकडे ओढतो, बहुधा दुष्टपणा म्हणून नव्हे तर 'मीच करतो, लवकर होईल' म्हणून. आणि होतंही लवकर. त्याच्या हाताखालची पोरं मात्र सहा वर्षांनीही बटण दाबणारे ऑपरेटरच राहतात. तो आजारी पडला की लाइन बंद.

बागाईतदार यावर काय करतो? तो शेंड्याचा राग करत नाही. जोमदार वेलच त्याला हवी असते. आधी तो मांडव घालतो, म्हणजे तारा आणि खांब. जोम कुठल्या दिशेला जाईल ते मांडव ठरवतो, किती जाईल ते वेल. मग एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट सात-आठ पानांची झाली की तो शेंडा खुडतो. बगलेतून नवी फूट निघते, तिला आपल्याकडे सबकेन म्हणतात. पुढच्या हंगामाचे घड याच काळात डोळ्यांच्या आत गुपचूप आकार घेत असतात. दिसतात ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. खुडायची वेळ चुकली तर हातात नुसता पाला. आणि मुळाशी कुऱ्हाड घातली तर पालाही नाही. वर मॅनेजर आणून बसवला, तेव्हा आमच्या शेठनी खुडण्याऐवजी वेलीचं बूड बांधलं होतं.

मांडव घालणं, म्हणजे रोज काय करणं

पहिली गोष्ट, काम सांगताना 'काय' आणि 'कधीपर्यंत' तुमचं, 'कसं' त्याचं. त्यात एक तिसरी ओळ घालायलाच हवी: काय मोडायचं नाही. इन्स्पेक्शनने अडवलेला माल जाणार नाही. मशीनचं गार्ड काढायचं नाही. माणसाला चारचौघांत बोलायचं नाही. अशा तारा तीन-चारच असाव्यात. वीस तारांचा मांडव म्हणजे पिंजरा. आणि त्या शांत दिवशी सांगाव्यात, भांडणानंतर नव्हे. आधी आखलेली रेघ त्याला मैदान वाटते, नंतर आखलेली तीच रेघ शिक्षा.

तार तुटली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दार लावून, दोन मिनिटांत बोलायचं. 'काल टेम्पो गेला, ते तुमच्यामुळे. स्टोअरकीपर गेला, तेही तुमच्यामुळे. नवा माणूस तयार होईपर्यंतचा खोळंबा तुमच्या खात्यावर धरतोय.' एवढंच. आडून बोलणं, 'लोक म्हणतात की...' अशी सुरुवात, दुसऱ्याच्या तोंडून निरोप, हे त्याला दुबळेपणाचं लक्षण वाटतं, आणि मार्स्टनचा दुसरा प्रश्न आठवा: मी बळकट की हे?

सर्वांत कामाची युक्ती सबकेनची. 'जरा माणसं सांभाळा' हा उपदेश त्याच्या डोक्यावरून जातो, कारण त्यात खुंटी कुठे आहे ते दिसत नाही. तेच 'दिवाळीपर्यंत तीन ऑपरेटर तुमच्याशिवाय मशीन सेट करू शकले पाहिजेत' असं सांगा. आता माणसं घडवणं हाच निकाल झाला, मोजता येणारा, त्याच्या नावावर लागणारा. ज्या उत्साहाने तो टेम्पो काढत होता त्याच उत्साहाने तो पोरांच्या मागे लागेल. पहिले पंधरा दिवस पोरं रडकुंडीला येतील, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आणि बैठकीत त्याला शेवटी बोलू द्यावं. कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी लोकांच्या गटांना गणितं सोडवायला दिली होती. गटाला वर्चस्व गाजवणारी माणसं जास्त हुशार वाटली. प्रत्यक्षात त्यांची उत्तरं इतरांपेक्षा बरोबर होती असं नव्हतं. ती फक्त आधी आणि जास्त वेळा बोलत होती, आणि बहुतेक वेळा गटाने पहिलं आलेलं उत्तरच पक्कं केलं. तेव्हा आधी स्टोअर, मग इन्स्पेक्शन, मग आपला वाघ.

चौकट : शेठ काय म्हणतात, त्याला काय ऐकू येतं

'जरा विचारून करत जा.' — माझ्यावर भरवसा नाही.

'फार छान काम करता हं तुम्ही!' — नेमकं काय केलं ते यांना माहीत नाही.

'गुरुवारपर्यंत पाचशे नग, रिजेक्शन दोन टक्क्यांच्या आत. काय लागेल ते सांगा.' — मैदान माझं.

'सगळ्यांना सांभाळून घ्या.' — (काहीच ऐकू येत नाही.)

'हे दोन पर्याय आहेत. तुम्ही ठरवा, पण सहा वाजेपर्यंत.' — आता कसं बोललात!

आनंदवल्लीचा वेगळा मामला

इथे मला एक अट घालावीशी वाटते, आणि तीही नाशिकच्याच मातीतली. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते. रघुनाथराव पेशव्यांचं हे आवडतं ठिकाण. १७५८ मध्ये लाहोर घेऊन मराठी फौजा अटकेपर्यंत नेणारा हा सेनानी. 'अटकेपार' हा शब्द आपण अजून त्याच्याच जिवावर वापरतो. १७६१ मध्ये पानिपतानंतर नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला. म्हणजे नवखा तरुण साहेब, आणि हाताखाली अटकेपार जाऊन आलेला काका.

माधवरावांनी काय करायचं ठेवलं? १७६२ मध्ये काका-पुतण्याची आळेगावला लढाई जुंपली, तेव्हा दौलत दुभंगू नये म्हणून पेशवा स्वतः काकाच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाला. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघांनी मिळून निजामाला हरवलं. नंतर उत्तरेची मोहीम काकाकडे सोपवली. मान दिला, मैदान दिलं, मुभा दिली. रघुनाथरावांची मागणी मात्र दौलतीच्या निम्म्या वाट्यावरून हलेना. अखेर जून १७६८ मध्ये चांदवडजवळच्या धोडप किल्ल्याशी पेशव्याने त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

फाळक्यांना काम हवं होतं, रघुनाथरावांना गादी. मॅक्लेलंडने पुढे हाच फरक वेगळा काढून दाखवला: काही करून दाखवण्याची भूक निराळी आणि सत्तेची निराळी, सत्तेच्या भुकेतही संस्थेसाठी सत्ता वापरणारे वेगळे आणि स्वतःसाठी वापरणारे वेगळे. बाहेरून दोघंही सारखेच मोठ्याने बोलतात. ओळखायची खूण अशी: काम मोठं पण पद तेच, असं काही देऊन बघा. पहिला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर असतो. दुसरा आधी विचारतो, 'मग माझ्या हाताखाली कोण?' या दुसऱ्यावर रिंगा, मांडव, सबकेन यांतलं काहीच चालत नाही, आणि त्याला निरोप द्यायला जितका उशीर तितका धोडप जवळ.

पुन्हा आपटेच

फाळक्यांना मात्र त्या रांगेत बसवता येत नाही. हिंदुस्थान कंपनीतून बाहेर पडल्यावर त्यांनी मायाशंकर भट्टांच्या भांडवलावर फाळके डायमंड कंपनी काढली आणि एक भव्य मूकपट हाती घेतला. वय साठ, हट्ट तोच: मनासारखं झाल्याशिवाय चित्र बाहेर जाणार नाही. खर्चाची रेघ पुन्हा कुणी आखली नव्हती. दोन वर्षं गेली, भांडवल संपलं. तोवर १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला होता आणि मूकपटांची बाजारातली किंमत ओसरत चालली होती.

मदतीला आले वामनराव आपटे. ज्यांच्याशी कधी धड पटलं नाही, ज्यांच्यामुळे काशी गाठली, ज्यांनी हजार रुपयांवर परत बोलावलं, तेच. त्यांच्या आधाराने चित्रपट १९३२ मध्ये पुरा झाला, पुढे त्याला आवाजही जोडावा लागला. त्या चित्रपटाचं नाव 'सेतुबंधन'.